मितवल्ली बरा आहे

शुब्रा अल-खैमा या कारखान्यांच्या शहरात, कालव्याजवळच्या गल्लीत मितवल्लीला कुणीही विचारलं, "काय मितवल्ली, कसं काय?" की एकच उत्तर यायचं, "अल्हम्दुलिल्लाह, झकास!"

पाइपांच्या कारखान्यात बावीस वर्षं तो गोण्या फाडायच्या कामावर होता. ॲस्बेस्टॉसची गोणी उचलायची, सुरीने तिचं पोट फाडायचं आणि आतला करडा तंतू यंत्रात ओतायचा. कामगार त्याला कापूस म्हणत. दुपारी त्याच रिकाम्या गोण्या अंथरून बाकल्याची उसळ आणि भाकरी खात. संध्याकाळी त्याची बायको इन्शिराह दारातच त्याचे कपडे झटकायची आणि भुवयांवरची पूड पाहून म्हणायची, "आले पिठाच्या गिरणीचे मालक!"

कारखाना बंद पडून चार वर्षं झाली आणि मितवल्लीचा श्वास आखडू लागला. छातीच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, कारणही सांगितलं. पण भरपाई ठरवणार होती विमा कार्यालयाची वैद्यकीय समिती. अपंगत्व पस्तीस टक्के लिहिलं तर आयुष्यभर पेन्शन, त्याच्यामागे ती इन्शिराहला. त्याहून कमी लिहिलं तर एकदाच काहीतरी हातावर टेकवून बोळवण. मुलगी नजवा नर्सिंग शिकत होती, तिची दोन वर्षं बाकी होती. सात महिन्यांत समितीची तारीख तीनदा पुढे गेली. कधी एखादा शिक्का राहिलेला असे, कधी डॉक्टरच आलेले नसत. त्या बाकांवर बसून बसून इन्शिराहला तिथल्या शिपायांची पोरंबाळंसुद्धा नावानिशी ठाऊक झाली होती.

शेवटी तारीख ठरली, तेव्हा तिने आठवडाभर त्याची शिकवणी घेतली.

"डॉक्टरने विचारलं, कसे आहात, तर काय म्हणायचं?"

"अल्हम्दुलिल्लाह..."

"नाही! म्हणायचं, श्वास पुरत नाही. जिना चढवत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नाही."

"बरं बाई. पण आधी देवाचे आभार मानतो, मग सांगतो. एकदम रडगाणं सुरू केलं तर लोक काय म्हणतील?"

"तिथे लोक नाहीत, अबू नजवा. तीन डॉक्टर आहेत." चिडली की ती त्याला अशीच, नजवाचा बाप म्हणून, हाक मारायची.

त्या सकाळी त्याने गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, मानेला अत्तर लावलं. अरे, आजाऱ्यासारखा तरी दिस, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

समितीतल्या मधल्या डॉक्टरांनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं, "काय हाजी, कशी आहे तब्येत?"

मितवल्ली ताठ झाला. "अल्हम्दुलिल्लाह, डॉक्टरसाहेब, झकास! तुम्ही कसे आहात? मुलंबाळं?"

"दम लागतो?"

"थोडासा. वय झालं आता. देवाने दिलंय ते पुष्कळ आहे."

पेन कागदावर चाललं. इन्शिराह दारातूनच ओरडली, "साहेब, तो सगळ्यांना हेच सांगतो! मृत्यूचा फरिश्ता आला तरी त्यालाही हेच सांगेल!"

कोपऱ्यातला तरुण डॉक्टर हसला. "बाई, तुम्ही बाहेर थांबा. रुग्णाला बोलू द्या."

रुग्णाने पुन्हा देवाचे आभार मानले. श्वास मोजायच्या नळीत तर त्याने जत्रेत पैज लावल्यासारखं जीव तोडून फुंकलं.

महिन्याभराने कागद आला. तीस टक्के.

"देवाची मर्जी," मितवल्ली म्हणाला.

"देवाची नव्हे, तुझ्या तोंडाची!" इन्शिराह खाली बसली. "दुखतं म्हणाला असतास तर काय देव रुसला असता? त्याला तुझ्या छातीचा फोटो दिसत नाही होय?"

"बावीस वर्षांत मी कुणापुढे हात पसरला नाही, इन्शिराह."

"हा हात पसरणं नाही रे. त्यांनी घेतलंय, ते परत मागणं आहे."

त्याने कागदाची घडी घातली. तिला पुढे भांडवेना.

अपील करायला थोडेच दिवस होते. कार्यालयाबाहेर छत्री लावून म्हातारे सिदकी काका अर्ज लिहून देत. दोघं त्यांच्यासमोरच्या स्टुलांवर बसली. काकांनी कागद सरळ केला. "बोल मितवल्ली. काय त्रास होतो?"

इन्शिराहने डोळे मिटून घेतले. आता काय ऐकू येणार, ते तिला पाठ होतं.

मितवल्लीने तोंड रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाला, "रात्री ही झोपली की मी उठून बसतो. पहाटेपर्यंत तसाच. ही उठायच्या आत आडवा होतो."

इन्शिराहने डोळे उघडले.

"शुक्रवारी मशिदीत जातो म्हणून निघतो," तो पुढे म्हणाला, "आणि भिंतीपाशी उभा राहून परत येतो. नमाजात सजद्यासाठी वाकलो की पाण्यात बुडाल्यासारखं होतं. सगळ्यांसमोर खुर्ची मागायची लाज वाटते. पाच महिने झाले, माझं कपाळ जमिनीला लागलेलं नाही."

काकांचा हात थांबला. "हेही लिहू?"

मितवल्लीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्याने मान हलवली. "लिहा. अजून आहे."

इन्शिराहने आपलं स्टूल त्याच्याजवळ ओढलं. "सावकाश लिहा, काका," ती म्हणाली. "त्याला दम घेऊ दे."