आलं का?

त्याचं खरं नाव बायकोखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं. पंचवीस वर्षं तो लोकांच्या छतांवर चढून टीव्हीच्या अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आलं का?" म्हणून गल्लीनं त्याचं नावच ठेवलं आलंका. त्याचा नियम एकच. खालून "आलं" ऐकू आलं की हात थांबवायचा, खाली शांतता असली तर फिरवत राहायचं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं हा नियम बायकोला शिकवला. त्या बिचारीला वाटलं होतं, नवरा काहीतरी गोड बोलायला हाका मारतोय.

गावभर चित्र स्वच्छ करणाऱ्याच्या स्वतःच्या टीव्हीवर मात्र नुसत्या मुंग्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. समोर सात मजली इमारत झाली आणि टीव्हीचा टॉवर तिच्याआड गेला. "बघू सवडीनं," म्हणत त्यानं दोन वर्षं काढली.

आणि आज पाच वाजता त्याची लेक टीव्हीवर बातम्या वाचणार होती. ती टीव्ही केंद्रावर बातम्यांचे कागद लावून देण्याच्या कामावर होती. नेहमीची निवेदिका आजारी पडली, म्हणून हिला फक्त आजचा दिवस मिळाला. असा दिवस पुन्हा येईलच असं नव्हतं. शेजारी जाऊन बघू या, असं बायको म्हणाली तर हा उखडला.

"माझी पोरगी मी दुसऱ्याच्या टीव्हीवर बघू? मी?"

साडेचारला तो छतावर चढला. टॉवरच्या बाजूला काही केल्या चित्र मिळेना. शेवटी त्यानं अँटेनाची पाठच टॉवरकडे केली आणि तोंड मागच्या टेकडीवरच्या पत्र्याच्या टाकीकडे वळवलं. टाकीवर आपटून परत येणाऱ्या लहरी तरी पकडाव्यात म्हणून.

"आलं!" बायको खालून ओरडली.

पण खांबाची पकड पार झिजली होती. चांगली पकड तो सकाळीच एका गिऱ्हाइकाकडे लावून आला होता. हात सोडला की वाऱ्यानं खांब फिरायचा. धरून उभं राहण्यावाचून इलाज नव्हता.

पाच वाजले. "आलं का?" त्यानं विचारलं. उत्तर नाही.

"अगं, आलं का?"

खाली शांतता. नियमाप्रमाणे त्यानं खांब फिरवला.

"गेलं! अहो, गेलं!" बायको डोळे पुसत अंगणात धावत आली. "किती छान दिसत होती! मलाच बोलवेना हो!"

स्वतःला शिव्या घालत त्यानं खांब अंदाजानं परत फिरवला. चित्र आलं. उरलेल्या बातम्या तो खांब कवटाळून उभा राहिला आणि बायको दारातून सांगत राहिली, "आता पान उलटलंन... आता हसली बघा!"

संध्याकाळी लेक घरी आली ती चपला न काढताच. "बाबा, नीट दिसले ना मी?"

"एक मुंगी नव्हती," तो म्हणाला.

तिनं आनंदानं त्याचे हात धरले. दोन्ही तळव्यांवर गंजाचे पट्टे उमटले होते. तिनं आईकडे पाहिलं, तर आई खाली बघत होती. मग तिनं पर्समधून घडी केलेले कागद काढले, बापाला खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल ओढून त्याच्यासमोर ताठ बसली आणि पहिल्या बातमीपासून वाचायला लागली.

दोन बातम्या झाल्या तेव्हा बायकोनं हळूच विचारलं, "काय हो, आलं का?"

आलंकाच्या तोंडून शब्द फुटेना.