पायाळू

फिजिओथेरपीवाली मुलगी आईच्या कमरेवर तळहात टेकवून हळूहळू दाब देत होती. आई उशीत तोंड खुपसून पालथी पडली होती. मी शेजारच्या स्टुलावर तिची काठी धरून नुसती बसले होते.

मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण जाते, असं आमच्या आळीत सगळे मानायचे. लहानपणी शेजारचे काका-काकू आमच्या ओटीवर पालथे पडायचे आणि मी ऐटीत त्यांच्या कमरेला तीनदा पाय लावायचे. "गेली बघ!" म्हणत ते उठायचे. खरंच जायची की माझं मन राखायचे, देव जाणे.

आईची कंबर तेव्हाही दुखायची. पण तिने कधी माझा पाय लावून घेतला नाही. "राहू दे गं," म्हणत कमरेवर हात दाबून उठायची. मला राग यायचा.

"इथे का, आजी?"

"जरा खाली. हां, तिथेच."

माझे हात शिवशिवले. पण इतकी वर्षं तिच्याजवळ राहूनही ती जागा मला ठाऊक नव्हती.

"कधीपासून दुखतंय?" फिजिओथेरपीवालीने विचारलं.

आईने मान माझ्याकडे वळवली. सांगू की नको, असं क्षणभर तिला झालं.

"हिच्या वेळेपासून. पायाकडून आली ना ही. दोन दिवस अडले होते."

मी नकळत पावलं स्टुलाखाली ओढून घेतली.