मागून काढलेला फोटो

भांडुपला विद्याधरच्या सलूनमध्ये केस कापून झाले की विद्याधर मागे छोटा आरसा धरायचा आणि सहदेव परब मान डोलवायचा. बघायचा नाही, नुसती डोलवायचा. तुम्हीआम्ही तरी कुठे बघतो? मागचं डोकं लोकांनी बघायचं, आपण पुढचं सांभाळायचं, अशी आपली सगळ्यांची सोयीची समजूत. सहदेवची चाळिशी उलटून गेली तरी ती टिकून होती. आणि आता गेले काही महिने त्याला मागच्या डोक्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

मुळात गेले होते पुढचे केस. तिशीपासूनच कपाळ वर सरकत होतं आणि सहदेव त्याच्याकडे काणाडोळा करत होता. लग्नाच्या साइटवर त्याने फोटो टाकला तो जुना, भांग पाडलेला. तो बघून नलिनी नावाची एक शिक्षिका घाटकोपरच्या एका हॉटेलात भेटायला आली. तासभर छान बोलली आणि निघताना सहज म्हणाली, "फोटोत जरा वेगळे दिसता तुम्ही." काही टोचून बोलली असती तर ह्याने मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपला असता. पण ती चांगुलपणाने बोलली, आणि तेच आत जाऊन बसलं. पुन्हा तिचा फोन आला नाही. ह्यानेही केला नाही, कारण हा असलाच भिडस्त.

मग अंधेरीचं क्लिनिक. मागचे केस मुळासकट काढायचे आणि पुढे लावायचे, एवढाच प्रकार. सहदेवला तो लगेच कळला. गावी आई भाताचा तरवा, म्हणजे कोवळी रोपं, उपटून दुसऱ्या कोपऱ्यात लावायची, ते त्याने लहानपणी पाहिलं होतं. ज्या तुकड्यातून तरवा उपटला तो नंतर कसा दिसतो, हे मात्र त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं.

ऑफिसात त्याने सांगितलं, गावी जातोय. गावी आईला सांगितलं, ऑफिसात काम फार आहे, आठवडाभर फोन जमणार नाही. आणि हा भांडुपच्या खोलीत खिडक्या लावून, दोन उशांना टेकून, बसल्या बसल्या झोपत होता. आठवडाभर सहदेव परब कुठेच नव्हता आणि कोणाचं काही अडलं नाही. डोक्यावरच्या खपल्यांपेक्षा त्याला हे जास्त झोंबलं.

पुढे लावलेले केस आधी गळतात, मग उगवतात, हे क्लिनिकने सांगून ठेवलं होतं. मागचंही सांगितलं होतं, पण ते ह्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. एक दिवस आंघोळ करताना मागे बोटं गेली आणि हाताला केसांऐवजी कातडी लागली. त्याने धावत जाऊन कपाटाचा आरसा आणि दाढीचा आरसा समोरासमोर धरले. कसर लागलेल्या शालीसारखं दिसत होतं, ठिकठिकाणी विरलेलं. पुढचे केस यायचे तेव्हा येतील, पण मागचे कायमचे गेले असले तर? होती ती शेतीही आपण हाताने उजाड केली की काय?

तेव्हापासून टोपी. पवईच्या ऑफिसात बिलांचं काम बघणारा सहदेव आपली जागा सोडून थेट भिंतीशी, एसीच्या झोताखाली, कोणालाच नको असलेल्या खुर्चीत जाऊन बसला. मागे भिंत असली की निवांत.

"काय रे सह्या, टोपी शिवून घेतलीस काय डोक्याला?" बाजूचा सुशांत म्हणाला.

"सर्दी रे," सहदेव म्हणाला आणि खरोखरच शिंकला.

विद्याधरकडे जाणं तर शक्यच नव्हतं. तो वाईट नव्हता, पण त्याला कळलं की सलूनला कळणार, आणि सलूनला कळलं की भांडुपला.

उरली तेजल. ती क्लिनिकमध्ये पेशंटच्या चौकशीचं काम करायची. दर रविवारी तिचा मेसेज यायचा, "कसे आहात सर? झोप लागते ना?" सहदेव तिला सविस्तर उत्तरं लिहायचा. डोक्यावर फोन उलटा धरून काढलेले फोटो पाठवायचा. ते फोटोही काय एकेक! खिडकीपाशी काढला तर केस भरगच्च, बाथरूममधल्या बल्बखाली काढला तर साफ टक्कल. शेवटी तेजलने लिहिलं, "सर, सेल्फीत काही कळत नाहीये. दुसऱ्या कोणाकडून तरी मागून काढून घ्या ना. उजेडात, जवळून. मग डॉक्टरांना दाखवते."

दुसऱ्या कोणाकडून. सहदेवने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवून दिला.

सव्वा कोटी माणसांच्या ह्या शहरात त्याच्या डोक्याच्या मागे उभं राहील असं कोणी त्याला आठवेना. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. वनमालाबाई फोन असा धरायच्या की त्यांचा एक कान आणि वरचे वासे दिसत. "जेवलंस मां? केस कापलंस काय? तेल घाल हां. दोन भोवरे आसत तुझ्या डोक्यार, दोन लग्ना होतली तुझी, मी तेवाच सांगितलंय." दोन भोवऱ्यांची दोन लग्नं, हा आईचा जुना लाडका हिशेब. एकाचाही पत्ता नव्हता. क्षणभर त्याच्या मनात आलं, वळावं आणि तिलाच दाखवावं. पण ती घाबरली असती, रडली असती. "घालतंय तेल," तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो पवईच्या तलावावर गेला. तिथे लोक एकमेकांचे फोटो काढतच असतात. एका धावणाऱ्या पोराला थांबवून त्याने फोन दिला, टोपी काढली आणि तलावाकडे तोंड करून उभा राहिला. "झकास पोज, अंकल!" पोरगा म्हणाला आणि पळाला. फोटोत अख्खा तलाव आला होता आणि मध्ये द्राक्षाएवढं सहदेवचं डोकं.

मागे बाकावर पंजाबी ड्रेस आणि बूट घातलेल्या एक वयस्क बाई हे सगळं बघत होत्या.

"तुला काय डोक्याचा हवाय का फोटो?" त्यांनी सरळ विचारलं.

सहदेवने नुसती मान डोलवली.

"बस इथे. मान खाली घाल."

त्याने घातली. त्यांनी दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवून डोकं उजेडाकडे वळवलं, कॉलर खाली केली, एक-दोन चुकार केस बाजूला सारले. किती महिन्यांत कोणी त्याला हात लावला नव्हता, हे त्याला त्या घडीला कळलं. डोळे भरून आले. मान खाली होती म्हणून निभावलं.

"आले हां, पाच-सहा काढलेत," म्हणत त्यांनी फोन दिला, आणि काही न विचारता चालायला लागल्या. सहदेवने त्यांना नावही विचारलं नाही. भिडस्तपणा, दुसरं काय.

दुपारी तेजलचं उत्तर आलं. "एकदम मस्त फोटो सर! डॉक्टर म्हणाले, मागचं छान भरून येतंय. गळाले होते ते तात्पुरते होते, काळजीच नको." आणि खाली, "कोणी काढला? मिसेसनी का?"

केस कायमचे गेले नव्हते. उडी मारावी अशी बातमी होती. सहदेवने मात्र तो खालचा प्रश्नच पुन्हा पुन्हा वाचला. मानेवरची ती दोन बोटं अजून जागच्या जागी होती. त्याने लिहिलं, "हो."

"मग प्रश्नच मिटला! आता त्याच लक्ष ठेवतील. तुमचा फॉलोअप बंद करते सर. ऑल द बेस्ट!"

त्याने "थँक्यू" लिहिलं. मग लिहिलं, "पण मध्येच काही वाटलं तर?" त्यावर तेजलचा हसरा चेहरा आणि अंगठा आला, आणि पुढे काही नाही.

पुढच्या रविवारी फोटो कोणालाच पाठवायचा नव्हता. तरी सहदेव सकाळी तलावावर गेला. त्या बाई दिसल्या नाहीत. तो त्याच बाकाच्या कडेला, चालणाऱ्या लोकांकडे पाठ करून बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.