कासूच्या चिंचेखालचा ठिपका

धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपून बस चुकली की मला रोह्याहून पेणपर्यंत स्कूटरवर घेणारा एक माणूस होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. स्कूटरला मागे काठीएवढी एरियल आणि डिकीत हौशी लोक संदेश पाठवायला वापरतात तो रेडिओ. स्कूटर कुठे आहे ते रेडिओ त्याच्या पेणच्या घरी कळवायचा आणि तिथला कॉम्प्युटर ते टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटवर सोडायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

एकदा कासूला त्याने हायवे सोडून स्कूटर गावात घेतली आणि एका चिंचेखाली थांबवली.

"पंक्चर का?" मी विचारलं.

"नाय हो. बहीण बघते. लग्न होऊन इस्रायलला गेली. तिकडं पडद्यावर मी तिला ठिपका म्हणून दिसतो. आमचं घर इथंच होतं."

"नकाशात कासू आहे?"

"नकाशा कोराच हाय. ठिपका तेवढा चालतो, गाव तिचं तिला दिसतं."

ठिपका पाठवताना डिकीत रेडिओ वाजला. ठिपक्याबरोबर हातही पोचणार असल्यासारखा त्याने हात हलवला आणि किक मारली.

पुढच्या वेळी भेटला तो हसतच.

"बहीण विचारत होती, त्या दिवशी ठिपका एवढा हळू का चालला. मी कळवलं, मागं जाडा पॅसिंजर होता."

मी तोवर पुणंसुद्धा पाहिलं नव्हतं. माझं वजन मात्र इस्रायलला पोचलं होतं.