लाचुंगचा खारा चहा

जावं की जाऊ नये, ह्या विचारात माझे कितीतरी दिवस गेले. आमचे हे रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांच्या शिफ्टमधल्या मित्रांचं सिक्कीमला जायचं घाटत होतं. ह्यांना दोन गोष्टींची भारी हौस, डोंगर बघायचे आणि जिथे जाऊ तिथलं खायचं. नोकरीत असताना एवढी सुट्टी कोण देणार? त्यामुळे आम्ही जन्मभर गावातल्या अष्टमीच्या पुलावर उभं राहून कुंडलिका नदी बघितली आणि तेवढ्यावर समाधान मानलं. आता तिकिटं काढून झाली होती, ह्यांनी कानटोपीसुद्धा घेतली होती, आणि माझाच पाय घरातून निघत नव्हता. कारण आमची रेश्मा सहाव्या महिन्यात होती.

रेश्मा आमची एकुलती एक मुलगी, पेणला दिलेली. जावयाचा गणपतींचा कारखाना आहे, घरची माणसं चांगली आहेत, सासू तर माझ्यापेक्षा प्रेमळ आहे. पण तिची आधीची दोन बाळं राहिली नव्हती. एक अगदी सुरुवातीला गेलं आणि दुसरं पाचव्या महिन्यात, सगळ्यांना आनंदाने सांगून झाल्यावर. त्या वेळी दवाखान्यात तिने माझा हात धरून विचारलं होतं, "आई, माझं काय चुकलं गो?" मी नुसती तिची चादर सारखी केली. त्यानंतर तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं "बरं झालं" म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या देवळात जाऊन मीठ सोडलं. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत मिठाचा कण तोंडात घालणार नाही, असं मी देवापुढे उभं राहून मनात म्हटलं.

मीठच का, असं कुणी विचारेल. माझं माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागराचं. आमच्याकडे भात थोडा, मीठ भरपूर. लहानपणी उन्हाळ्यात मी बापाबरोबर मिठागरात उभी राहिले आहे, पायांना पडलेल्या भेगांत खारं पाणी शिरलं की कसं झोंबतं ते मला ठाऊक आहे. कालवणात मीठ कमी पडलं तर बाप ताट पुढे सरकवून उठायचा, मिठागरवाल्याच्या घरी अळणी जेवण म्हणजे त्याला अपमान वाटायचा. देवाला द्यायचं तर आपल्या जिवाभावाचं द्यावं, असं मला वाटलं. ते किती अवघड आहे हे मात्र पहिल्याच दुपारी कळलं. अळणी वालाचं बिरडं एकदा खाऊन बघा, म्हणजे मी काय म्हणते ते तुम्हालाही कळेल.

नवस बोलून दाखवायचा नसतो असं आमच्यात मानतात, म्हणून ही गोष्ट फक्त ह्यांना ठाऊक होती. बाकीच्यांना मी बीपीचं कारण सांगत असे. रेश्माला तर काहीच माहीत नव्हतं. मी येत नाही म्हटल्यावर तीच माझ्यावर उखडली. "तू रोज चारदा फोन करून हलतंय का, हलतंय का विचारतेस, त्यानेच माझा बीपी वाढतो. जा तू. आठ दिवस तरी मला सुखाने झोपू दे." तिच्या सासूनेही तिचीच बाजू घेतली. मग मी बॅग भरली.

सिक्कीम फार सुंदर आहे, हे मी मनापासून सांगते. तीस्ता नदीचं पाणी हिरवं, रस्ता तिच्या कडेकडेने वर चढतो आणि प्रत्येक वळणावर एखादा धबधबा उभाच असतो. गंगटोकला आम्ही बौद्ध मठ बघितले, तिथली मोठमोठी प्रार्थनाचक्रं फिरवली. आमच्या मंडळींनी पहिल्या संध्याकाळीच मोमोंवर ताव मारला. ह्यांनी तर शेवयांचा रसदार थुक्पा, गुंद्रुक नावाच्या आंबवलेल्या पाल्याचं सूप, दगडासारखं कडक याकचं चीज, काही म्हणजे काही सोडलं नाही. ते चीज गालात धरून ते एका मठाच्या पायऱ्या चढले आणि दुसऱ्याच्या उतरले, तरी ते संपलं नाही. बरोबरच्या बायका मात्र रात्री हॉटेलच्या खोलीत डबा उघडून सुकटीची चटणी काढायच्या. त्या वासाने माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी मी गिळायची आणि खिडकीशी जाऊन बसायची.

मी काय खात होते? कोरा भात, दूध-साखर, केळी. एका बाजारात सेल रोटी मिळाली, तांदळाच्या पिठाची, आपल्या वड्यासारखी तळलेली, पण बांगडीच्या आकाराची आणि गोड. तिच्यात मीठ नाही हे तीन वेळा विचारून घेतल्यावर मी दोन खाल्ल्या आणि मला आनंदाने रडूच आलं. बायका चिडवायच्या, "एवढ्या लांब येऊन वहिनी भात खातायत, मग रोह्यातच राहायचं ना!" मी हसून वेळ मारून नेत होते. पण आतून माझं काहीतरी बिघडत चाललं होतं. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, सकाळी उठताना डोकं हलकं व्हायचं, गाडीत मळमळायचं. हे म्हणाले, हवा विरळ आहे, त्यानेच होतं. मी मात्र मनात सुखावले होते. त्रास होतोय म्हणजे नवस पोचतोय, असा माझा हिशेब होता.

लाचुंग हे वर डोंगरातलं छोटं गाव. लाकडी घरं, सफरचंदाची झाडं, रंगीत पताका आणि मान वर केली की बर्फ. तिथे पोचल्यावर दुपारी सगळे जण चढावरचा मठ बघायला पायी निघाले. मी थोडी चढले आणि पायांनी दगाच दिला. दोन्ही पोटऱ्या आवळून आल्या, डोळ्यांपुढे अंधार झाला. ह्यांनी मला धरून एका घराच्या ओट्यावर बसवलं. मंडळी पुढे गेली होती. फोनला रेंज नव्हती. मला त्या अंधारात एकच भीती वाटत होती, की मला इथे काही झालं तर नवस अर्धा राहील आणि त्याचं रेश्माला भोगावं लागेल. माझ्या जिवाची चिंता माझ्या मनालाही शिवली नाही, इतकी मी त्या नवसात अडकले होते.

त्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, अंगावर लांब झगा, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं कापड. माझ्याकडे बघून ती काहीतरी म्हणाली आणि आत गेली. ह्यांनी दारातून डोकावून बघितलं तर ती एका उंच लाकडी नळकांड्यात दांडा खालीवर करत होती, आपण ताक घुसळतो तशी. मग तिने लाकडी वाटीतून वाफाळता चहा आणून माझ्या ओठांशीच धरला. "पियो, पियो," एवढंच हिंदी तिला येत असावं. चहा म्हणजे दूध-साखर, एवढंच आपल्याला माहीत. मी डोळे मिटून मोठा घोट घेतला.

तो खारट होता. लोण्याचा आणि खारट. मिठागरात वाढलेल्या माझ्या जिभेला ते कळायला क्षणसुद्धा लागला नाही. चहात मीठ घालणारी माणसं ह्या जगात असतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी वाटी दूर करायला हवी होती. पण पहिला घोट चुकून गेला आणि पुढचे मी थांबवू शकले नाही, हे खरं आहे. तळहातभर वाटी मी रिकामी केली, म्हातारीने ती पुन्हा भरली, ती पण मी प्यायले. आणि मग वाटी मांडीवर ठेवून मी हमसून हमसून रडायला लागले.

ह्यांना काही कळेना. "काय झालं गो? भाजलं का?"

"मीठ होतं त्यात," मी म्हटलं. "मोडला नवस. आता माझ्या पोरीचं काय होईल?"

त्या म्हातारीने तेवढ्यात तिसऱ्यांदा वाटी भरली होती. ह्यांनी ती माझ्या हातातून घेतली, दोन-तीन घोटांत संपवली आणि ओठ पुसले. "हा बघ, मी पण प्यायलो. आता देवाला धरायचंच झालं तर दोघांना धरावं लागेल. एकटीला नाय सोडणार तुला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मला त्या ओट्यावर नव्याने कळला. म्हातारीला आमचं बोलणं कळलं नसणारच. तिने आपल्या खरखरीत हाताने माझे डोळे पुसले आणि काहीतरी पुटपुटत माझ्या पोटऱ्या चोळत बसली. थोड्या वेळाने गोळे सुटले. डोकं ताळ्यावर आलं. मंडळी परत आली तेव्हा मी माझ्या पायांनी चालत गाडीपर्यंत गेले.

ती म्हातारी देवाने पाठवली होती, असं मी म्हणत नाही. ती आपल्या घरात आपला चहा करत होती आणि दारात आलेल्या बाईला तिने तो दिला. पुढे रोह्याला आल्यावर डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून मला चांगलंच फैलावर घेतलं. शरीरातलं मीठ इतकं कमी झाल्यावर माणूस आकडी येऊन पडतो, म्हणाले. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. मला एवढंच माहीत आहे, की मी जे देवापाशी टाकून आले होते, नेमकं तेच माझ्या ओठांशी परत आलं.

दुसऱ्या दिवशी डोंगर उतरताना फोनला रेंज आली. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि नंबर ह्यांनीच लावला. पलीकडून रेश्माचा आवाज आला, तोंडात काहीतरी खाताखाताच. "आई, कालपासून नुसता धिंगाणा चाललाय आत. ह्यांनी हात ठेवला तर ह्यांना पण लाथ बसली! तू काय खाल्लंस तिकडे ते सांग." काल कधीपासून, हे विचारावंसं फार वाटलं. पण मी विचारलं नाही. थुक्पा खाल्ला म्हणाले, आणि पुढच्या थांब्यावर खरंच खाल्ला.

तरी धाकधूक गेली नव्हती. परत आल्यावर देवळात तोंड दाखवायचा धीर होईना, म्हणून आधी माहेरी गेले. आई आता फारशी चालत नाही, पण तिची जीभ शाबूत आहे. तिच्यापाशी मी सगळं ओकून टाकलं. ती आधी ऐकत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"मीठ दिलंस देवाला? अगो, त्याच्याकडं खाडी भरून हाय! त्याला मिठाचा काय तोटा?" मग हसू आवरून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुला द्यायचंच हाय ना, तर तुझं भ्याव दे त्याला. तेवढंच त्याच्याकडं नाय."

त्या वाक्याने मी मुळापासून हलले. मी भक्ती म्हणून जे करत होते तो सगळा पहारा होता. रेश्माच्या बाळाचा जीव मी माझ्या जिभेला बांधून ठेवला होता. मी चुकले नाही तर ते वाचेल, मी चुकले तर जाईल, म्हणजे त्याला सांभाळणारी मी आणि देव नुसता बघणारा. दवाखान्यात रेश्माने जे विचारलं होतं तेच मी दर जेवणाला स्वतःला विचारत होते, फक्त काही घडायच्या आधीपासून. तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हाही नाही, आताही नाही. हे मला तिला सांगायला हवं होतं, म्हणून त्याच दिवशी पेणला उतरून मी तिच्याकडे गेले आणि नवसापासून चहापर्यंत सगळं सांगितलं. ती रडली, मग "बाबा पण प्यायले?" असं विचारून खूप हसली. त्या घरी तिच्या सासूने वाढलेली तांदळाची भाकरी आणि कालवण मी पोटभर जेवले. मीठ बेताचं होतं आणि मी आणखी मागून घेतलं.

दुसऱ्या सकाळी धावीर महाराजांपुढे उभी राहिले. क्षमा मागायची म्हणून गेले होते, पण तिथे पोचल्यावर तसं काही सुचलंच नाही. "माझ्याने हे ओझं उचलवत नाही, तुम्ही घ्या," एवढंच म्हटलं. भीती तशी एका दिवसात जात नाही. अजूनही पेणचा नंबर फोनवर दिसला की ती परत येते. तसं झालं की मी पुन्हा तेच म्हणते आणि फोन उचलते.

असे अनुभव माणसं फळ हातात पडल्यावर लिहितात. मी बाळ यायच्या आधीच लिहिते आहे. रेश्माचे दिवस भरत आले आहेत, कारखान्यात गणपतींची गडबड आहे, आणि पुढे काय होणार ते मला माहीत नाही. मला फार आशा आहे, खोटं कशाला बोलू? पण नंतर लिहिलं असतं तर बाळ मिळालं म्हणून मी आभार मानते, असं तुम्हालाही वाटलं असतं आणि मलाही. परक्या डोंगरात, परक्या दारात मला जे मिळालं, ते मला मिळून चुकलं आहे. उद्या पेणहून कोणताही निरोप येवो, हे आभार मी मागे घेणार नाही.