एका फोनवरून पाच जणी

आमच्या डेऱ्यात चांगला फोन एकच होता, माझा. शाळा मी सातवीतच सोडली, पण पाच जणींत धड वाचता येणारी मीच. त्यामुळे गॅसचा नंबर लावणं, रेशनचा मेसेज वाचणं, सगळं माझ्याकडे. घर माझं सांगलीकडचं. तिथून कुणी फोन करत नाही, मीही करत नाही. तुमसरजवळच्या या तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात गुरूंनी मला चेली म्हणून पदरात घेतलं. आम्ही त्यांना अम्मा म्हणतो. अम्मा मूळच्या अड्याळच्या.

त्या वर्षी आमच्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक आली. ट्रान्सजेंडर बायकांना एचआयव्हीबद्दल फोनवरच प्रश्न विचारणार होते, आणि जिला हवं तिला तपासणीचं किट घरपोच पाठवणार होते. मी ती लिंक पुन्हापुन्हा उघडून वाचली. बपेऱ्याच्या पलीकडचा एक ड्रायव्हर माझ्याकडे यायचा. दिवाळीच्या आधी यायचा थांबला. फार आजारी आहे, असं कुणाकडून तरी कानावर आलं. तेव्हापासून मी दोनदा सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले होते. चिठ्ठीची रांग बायकांची धरू की पुरुषांची, इथूनच सुरुवात. किट घरी येणार म्हणजे मला देवच पावला होता.

पण गुरूला न सांगता डेऱ्यात काही करायचं नसतं. मी सांगितलं. अम्मा बाजेवर पाय मुडपून बसल्या. "भरू ना. सगळ्याइचंच भरू. मी सांगते तसं लिही."

आधी अम्मांचा फॉर्म, मग मानाप्रमाणे एकेकीचा. माझा शेवटी. मी प्रश्न वाचायचा, उत्तर अम्मांनी द्यायचं. चेलीच्या वतीनं गुरूच बोलते, बाहेर भांडण असो की पोलीस, त्यात नवल नाही.

"मागच्या सहा महिन्यांत किती जोडीदार?"

"लिही, एक बी नाही. आमी बधाईवाल्या, लगन-बारशाले आशीर्वाद देणाऱ्या."

माझी थोरली गुरुबहीण पदरात तोंड खुपसून हसली. "अम्मा, माही तं तपस्याच लिहून राहिल्या तुमी!"

"चूप बस वो."

शेवटचा प्रश्न होता, किट हवं का? "कायले? नको लिही." पाचही जणींना नको. माझ्या फॉर्मवर 'नाही' दाबताना अंगठा अडला. तरी दाबला. अम्मांसमोर 'हो' म्हणजे सगळं सांगितल्यासारखंच होतं.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. एकाच फोनवरून पाच फॉर्म, पाचही जणींची उत्तरं सारखी, त्यामुळे ते बनावट असावेत असं वाटतं, म्हणून बाजूला ठेवले आहेत. काही सांगायचं असेल तर खालच्या नंबरवर बोला.

मी वाचून दाखवलं आणि अम्मांनी टाळीच वाजवली. "नकली? सारी दुनिया आमाले नकली म्हणते, आता मोबाईल बी म्हणून राहिला! लाव त्याइले फोन."

व्हिडिओवर जी आली ती आमच्यातलीच होती, पुण्याची. अम्मांना बघताच तिनं डोक्यावर ओढणी घेतली. "पाया पडते, अम्मा." अम्मांचा राग तिथंच निम्मा झाला. तिनं समजावलं. फॉर्म भरला की मिळणाऱ्या रिचार्जच्या लोभानं एकच माणूस दहा फॉर्म भरतो, म्हणून असे फॉर्म वेगळे काढावे लागतात. तुम्ही पाच जणी खऱ्या आहात हे मी लिहून ठेवते. फोनही तोच चालेल. "पण अम्मा, एकेकीला एकटीला भरू द्या. वाचता येत नाही तिला मी फोनवर वाचून दाखवीन. तुम्हीसुद्धा जवळ नको."

अम्मांना बाजूला व्हा म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"माह्या चेल्या मले चोरून काय सांगतीन?"

"चोरून नाही, अम्मा. तुमचा मान ठेवायला खोटं सांगतात."

अम्मांनी तोंडातला खर्रा बाजेखालच्या डब्यात थुंकला. मग उठल्या, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि दाराबाहेर उन्हात मांडली. "कोणी आलं तं मी पाहते. आतमंधी एकेक जण." आणि माझ्याकडे बोट केलं. "आधी हे भरन. दिवाळीपासून हिचं तोंड पाहून राहिली मी."

म्हणजे त्यांना दिसत होतं. मला वाटायचं मी लपवलंय.

आत दार लोटून मी खरं लिहिलं. जोडीदार, निरोध कधी होता, कधी नव्हता. किट हवं का? हो.

कुरिअरनं साधं खाकी खोकं आलं. पुण्याची ताई व्हिडिओवर होती. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर टाकला, वाट पाहिली. दोन रेघा. म्हणजे लागण असावी. ती म्हणाली, "फोन ठेवू नकोस. ही शेवटची तपासणी नाही. पक्की दवाखान्यात होईल. तिथं काय म्हणायचं ते आपण आत्ता म्हणून बघू." आणि तिनं ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, शाळेत कविता घेतात तसं.

भंडाऱ्याला अम्मा बरोबर आल्या. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं, "अम्मा, दोन रेघा." चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, या कोण? "माय आहो मी तिची," त्या म्हणाल्या, आणि सरळ बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे. आमच्या मागे रांग लागत गेली. पक्क्या तपासणीतही तेच निघालं, आणि गोळ्या सुरू झाल्या.

माझा स्वभाव भित्रा. गोळी घेतली की नाही हे मी दोनदा मोजून बघते. साधा खोकला आला तरी जीव टांगतो. पण त्या पुण्याच्या ताईचे आणि आमचे फॉर्म बाजूला काढणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसांचे उपकार मी मानते. आमचं खोटं त्यांनी तसंच घेतलं असतं, तर माझं 'नाही' तिथंच राहिलं असतं आणि मी फाटकापर्यंत जाऊन परत येत राहिले असते.

परवा रक्ताचा मोठा रिपोर्ट आणायला गेलो. विषाणू इतका कमी झालाय की मशीनला सापडत नाही, असं मी दवाखान्याच्या पायरीवर अम्मांना वाचून दाखवलं.

अम्मा म्हणाल्या, "अजून एक खेप वाच."

मी पुन्हा वाचलं.