मांडवाखालचं कोर्ट

आमच्या विद्यापीठाच्या महिला टेनिस संघाचा इतिहास एका थाटाच्या उद्घाटनापासून सुरू होतो, असं सांगतात. मी त्या उद्घाटनाला हजर होते. भाषणं झाली, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाले. संघ तेवढा झाला नाही. ही गोष्ट मला आजवर शांतपणे सांगता आलेली नाही आणि आजही ती शांतपणे सांगायची नाही.

खानदेशातली कॉलेजं तोवर पुण्याला जोडलेली होती. तिथल्या निवडीला जायचं म्हणजे लहानपणापासून क्लबात शिकलेल्या मुलींसमोर उभं राहायचं. आमच्याकडून कोणी जातच नसे. नव्वदीच्या सुरुवातीला जळगावला आपलं विद्यापीठ आलं. मी तेव्हा धुळ्यात होस्टेलला राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. जिमखान्याच्या सरांनी वर्गात येऊन सांगितलं, आता मुलींचाही टेनिसचा संघ होणार, निवडीचे सामने आपल्याच कॉलेजात होणार आणि निवडलेल्या तिघी बडोद्याला आंतरविद्यापीठ सामने खेळायला जाणार.

टेनिस मला माझ्या मैत्रिणीने शिकवलं होतं. ती मारवाड्यांची, पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. इंदूरला आत्याकडे सुट्टीत राहून ती खेळायला शिकलेली. जिमखान्याच्या मागच्या भिंतीवर आम्ही दोघी संध्याकाळी चेंडू मारत बसायचो. भिंत कधी दमत नाही आणि नावंही ठेवत नाही, म्हणून माझा हात बरा बसला.

घर पारोळ्याजवळच्या खेड्यात. मला बी.पी.एड. करायचं होतं, शाळेत खेळाची बाई व्हायचं होतं. विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीला तिथे प्रवेश मिळणं सोपं, हे सरांनीच सांगितलेलं. मी ते आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. आबा माणूस सरळ. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, "विद्यापीठना संघमा गयी तं शिक पुढे. नही तं वैशाखमा लगीन करी टाकूत." स्थळ आलेलंच होतं. माझ्या बाजूने एवढा सौदा पुष्कळ होता. आमच्या भाऊबंदकीत कोणत्या मुलीला तेवढाही मिळाला नव्हता.

आता कोर्ट. कॉलेजच्या मागे एक कोर्ट होतं म्हणायचं, एवढंच. कुणा जुन्या प्राचार्यांच्या हौसेने बांधलेलं, पुढे त्यात काटेरी झुडपं आणि शेजारच्या वस्तीतल्या शेळ्या. आम्ही दोघींनी होस्टेलच्या आणखी चार मुली गोळा केल्या. झुडपं काढली, मुरूम पसरला, रूळ फिरवला. मग सारवलं. मातीच्या कोर्टावर शेण सारवलं की धूळ उडत नाही आणि चेंडू एकसारखा उसळतो. मागच्या गोठ्यातून घमेल्यांनी शेण आणायचं, पाण्यात कालवायचं आणि ओणवं होऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायचा. घराचं अंगण सारवलेलं असतं प्रत्येकीने, पण टेनिसचं कोर्ट म्हणजे काही अंगण नव्हे. कंबर मोडून यायची. माझी मैत्रीण तर घरी कधी शेणाला शिवलेली नव्हती. तिने नाकाला ओढणी बांधली आणि माझ्या बरोबरीने सारवलं.

मुलांच्या संघातले बहाद्दर भिंतीवर बसून कोर्ट वाळायची वाट बघायचे. मी सरांना म्हटलं, यांनाही लावा की हाताशी. सर हसले. म्हणाले, "अगं, सारवणं तुमच्या हातचं काम. पोरांना काय जमणार?" मुलांचे निवडीचे सामने आमच्या आधी, आमच्याच सारवलेल्या कोर्टावर झाले. त्यांच्या बुटांनी पापुद्रे निघाले. आम्ही पुन्हा सारवलं. मी तेव्हा गप्प बसले, कारण पुढचे सामने आमचे होते.

सामन्यांच्या आदल्या दिवशी शेवटचा हात दिला. दुपारच्या उन्हात कोर्ट खणखणीत वाळलं. सूत धरून आम्ही फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, नेट बांधलं. जाताना मैत्रीण म्हणाली, "यावर चालायला पण जिवावर येतं." मला तर तिथून निघवेना.

सकाळी रॅकेट घेऊन गेले तर कोर्टावर मांडव.

कनात, झालर, लाल जाजम, खुर्च्या, आणि सर्व्हिसच्या चौकोनात व्यासपीठ. नेट काढून गुंडाळून कोपऱ्यात टाकलेलं, कारण ते मधे येत होतं. मांडववाल्याची माणसं पहारीने खड्डे खणून बांबू रोवून केव्हाच मोकळी झाली होती. ओळीने खड्डे, बेसलाइनवर, मधोमध, सगळीकडे. वर उकरलेला मुरूम आणि आमच्या शेणाचे तुकडे. सर पांढऱ्या सफारीत उभे होते. मला बघून खुशीत म्हणाले, "बघ, कसं शोभतंय. बाहेर सगळी धूळ. इथं एवढं छान सारवलेलं, म्हटलं मांडव इथंच टाकू."

टेनिसच्या सामन्यांचं उद्घाटन टेनिसच्या कोर्टावर मांडव खणून करायचं, हे दुसरीकडे कुठे सुचलं असतं, मला माहीत नाही. आमच्याकडे मांडवाशिवाय काही सुरूच होत नाही. पाहुणे यायचे तर सावली हवी, सावली हवी तर बांबू, आणि बांबूला सारवलेली स्वच्छ जागा सगळ्यात उत्तम. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, असं मला पुढे बऱ्याच जणांनी समजावलं. मला त्याचाच जास्त संताप येतो. वाईट हेतूने केलं असतं तर निदान आम्ही त्यांच्या हिशेबात तरी होतो, असं म्हणता आलं असतं.

"सर, खेळायचं कुठं?" मी विचारलं.

"कार्यक्रम झाला की तासाभरात काढतील. तू आधी हारांचं ताट धर."

मी ताट धरलं. बाहेरगावच्या मुली मांडवाच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली एक मुलगी आईबरोबर पहाटेच्या गाडीने आलेली. तिथे साहेबलोकांच्या क्लबाचं कोर्ट होतं, त्यामुळे तिचा हात पक्का होता. ती मला हरवू शकली असती. हरवू दे की. संघ तिघींचा होता, मला तिसरी होऊनही चाललं असतं.

पाहुणे ऊन चढल्यावर आले. मुलींनी हातात रॅकेट घेतली, खानदेश पुढे चालला, असं बरंच बोलले. मग पहिला चेंडू त्यांनी मारायचा म्हणून सरांनी माझी रॅकेट मागून घेतली. चेंडू झालरीत अडकला. टाळ्या पडल्या. सगळे नाश्त्याला गेले आणि मी जाजमाचं एक टोक वर उचलून खाली बघितलं. खाली सारवणाचा भुगा झालेला. मी टोक सोडून दिलं, तिथे रडणं म्हणजे त्यांना आणखी एक करमणूक.

मांडव निघाला तेव्हा दुपार टळली होती. आम्ही मुलींनी, पाहुण्या मुलींनीसुद्धा, हाताने खड्डे बुजवले. मैत्रिणीने एका खड्ड्यावर पाय ठेवला तर पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं. भुसावळच्या मुलीने एक चेंडू टाकून बघितला, तो पडला तिथेच बसला. जळगावहून आलेल्या निवड समितीने घड्याळ बघितलं. भुसावळच्या मुलीची आई म्हणाली, आमच्या क्लबाचं कोर्ट मिळवून देते, उद्या तिथे खेळवा. समितीतले एकजण म्हणाले, "आता मुलींना घेऊन कुठं गावोगाव फिरता?" आणि ते जीपमध्ये बसले. मुलांचा संघ बडोद्याला गेला. पुढे केव्हातरी मुलींचाही गेला, तेव्हा मी त्यात असण्याचं वय आणि आडनाव, दोन्ही मागे पडलं होतं.

पण मांडवाचंही मी एक वेळ सोडून दिलं असतं. त्यानंतरचं सोडवत नाही.

त्याच आठवड्यात आबा बाजाराला धुळ्याला आले आणि तसेच कॉलेजात आले. मी शेजारी उभी होते. त्यांनी टोपी सारखी करून सरांना नमस्कार केला आणि विचारलं, "सर, पोर निवडाई गयी का?"

एक वाक्य पुरलं असतं. आमच्या चुकीने सामने झाले नाहीत, एवढंच. सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाही हो आबा. यंदा मुलींमधून कोणी पात्र ठरलं नाही."

"सर, सामने झालेच नाहीत," मी म्हटलं. आवाज चढला माझा. आजूबाजूचे वळून बघायला लागले.

सर आबांच्या खांद्यावर हात ठेवून समजूतदारपणे हसले. "मनाला लावून घेतलंय तिनं. होतं असं खेळात." आबांनी मान हलवली आणि आपल्या मुलीच्या वतीने त्यांची माफी मागितली.

त्याच दिवशी आबांबरोबर घरी जाताना पारोळ्याच्या एस.टी.त मी त्यांना सगळं सांगितलं. मांडव, खड्डे, झालर, सगळं. "आबा, खेळ व्हयनाच नही." आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर का बरं खोटं बोलतीन? हारजीत तं चालसच." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी खिडकीकडे तोंड केलं. त्यांच्यावर चिडायचं तरी कसं? ते मला सांभाळून घेत होते.

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी आबा माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन माझं कौतुक सांगत होते, आणि पुढे आयुष्यभर ते कुणा ना कुणाला हेच सांगत राहिले. "मनी पोर टेनिसमा हारनी, पन डोयामा टिपूस उनं नही." पोर हरली पण डोळ्यांत थेंब आला नाही, हे ऐकणारे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. आबा गेले ते मी हरले असं मानूनच गेले.

मी हरले नव्हते. मला कुणी खेळूच दिलं नव्हतं.